नासागत रक्तस्राव : रुग्णपत्रिकेतील नोंद आणि रोगसंकेतांक

वैशाखातील ऊन असो वा ऑक्टोबरचा उष्मा, ‘काल रात्री घोळणा फुटला’ असे सांगत येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. बहुतेक वेळा रक्त आपोआप किंवा अल्प उपचाराने थांबते, रुग्ण समाधानाने घरी जातो आणि आपल्या रुग्णपत्रिकेत एक ओळ उमटते : ‘नासागत रक्तपित्त. दूर्वास्वरस नस्य. पथ्य सांगितले.’ आम्हीही कित्येक वर्षे अशाच ओळी लिहीत आलो. एका प्रसंगाने ही सवय मोडली. तो प्रसंग प्रथम सांगणे उचित होईल, कारण प्रस्तुत लेखाचे प्रयोजन त्यातूनच स्पष्ट होते.

शरद ऋतूत एके सकाळी चौसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. डाव्या नाकपुडीतून रक्त येत होते. आम्ही नाक दाबून धरले, रक्त थांबले, औषध दिले आणि वर लिहिली तशी तीन वाक्यांची नोंद केली. दोन दिवसांनी ते कन्येकडे परगावी गेले. तेथे रात्री पुन्हा रक्तस्राव सुरू झाला आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथील तरुण डॉक्टरांनी आम्हांस दूरध्वनी करून अत्यंत आदराने पाच प्रश्न विचारले. पहिल्या वेळी रक्त कोणत्या बाजूने आले? किती वेळ वाहिले? त्या वेळी रक्तदाब किती होता? नाकात कोणते द्रव्य टाकले? रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्याचे आपणास ठाऊक होते का? पत्रिका समोर उघडी होती. चौथ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात मिळाले, उरलेल्यांचे काहीच मिळाले नाही. हृदयाची कृत्रिम झडप बसविलेली असल्यामुळे ते गृहस्थ अनेक वर्षे वॉर्फरिन घेत होते आणि आम्ही ते विचारलेच नव्हते.

ते गृहस्थ बरे होऊन घरी परतले, ही ईश्वरकृपा. पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पत्रिकेत ‘चालू असलेली अन्य औषधे’ असा एक रकाना छापलेला असता, तर तो रिकामा ठेवताना हात अडखळला असता आणि प्रश्न विचारला गेला असता. नोंद ही उपचारानंतर करावयाची लिखापढी आहे असे आपण मानतो. वस्तुतः चांगली नोंद वैद्याकडून परीक्षण करवून घेते. या दृष्टीने नासागत रक्तस्रावाची नोंद कशी असावी आणि आज सर्वत्र रूढ झालेले रोगसंकेतांक तिला कसे जोडावेत, याचा विचार येथे करू.

प्रथम नाव निश्चित करावे

नाकातून रक्त येणे हे लक्षण होय. रक्तपित्त हा व्याधी होय. या दोहोंची गल्लत आपल्या पत्रिकांत सर्रास आढळते. चरकसंहितेत निदानस्थानाच्या दुसऱ्या आणि चिकित्सास्थानाच्या चौथ्या अध्यायात रक्तपित्ताचे जे वर्णन आहे, त्यात विशिष्ट हेतू आणि विशिष्ट संप्राप्ती अभिप्रेत आहे. उष्ण, तीक्ष्ण, अम्ल, लवण, कटु अशा आहाराने प्रकुपित झालेले पित्त रक्तास दूषित करते आणि ते रक्त ऊर्ध्व, अधो अथवा उभय मार्गांनी प्रवृत्त होते. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या आणि मुख ही ऊर्ध्व मार्गाची सात द्वारे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या बाविसाव्या अध्यायात एकतीस नासारोग सांगताना नासागत रक्तपित्ताची गणना केली आहे आणि पूयमिश्रित रक्त येणारा पूयशोणित हा व्याधी त्याहून निराळा मानला आहे.

मग क्रिकेटचा चेंडू लागून नाकातून रक्त आलेल्या बालकास रक्तपित्ती म्हणता येईल काय? तो आगंतु अभिघात आहे. नाकात बोट घालण्याच्या सवयीने श्लेष्मल त्वचेस क्षत झाले असेल, तर तेही रक्तपित्त नव्हे. डेंग्यूच्या ज्वरात रक्तबिंबिका घटून नाकातून रक्त आले, तर ज्वर हा प्रधान व्याधी आणि रक्तस्राव हा त्याचा उपद्रव. प्रत्येक वेळी ‘नासागत रक्तपित्त’ असे लिहिल्याने नोंद शास्त्रीय दिसते, पण हेतूचा शोध तेथेच थांबतो. म्हणून आमचे नम्र मत असे की, पहिल्या भेटीत ‘नासागत रक्तस्राव’ असे लक्षण लिहावे आणि हेतू व संप्राप्ती निश्चित झाल्यावरच ‘ऊर्ध्वग रक्तपित्त’ हे व्याधिविनिश्चयाच्या रकान्यात लिहावे. निश्चिती नसल्यास ‘संभाव्य’ हा शब्द जोडण्यात कमीपणा नाही.

नावाबाबत आणखी एक सावधगिरी मराठी प्रदेशात विशेष आवश्यक आहे. आपल्या बोलीत ‘रक्तपिती’ हा शब्द महारोगासाठी, म्हणजे कुष्ठरोगासाठी, पिढ्यान्पिढ्या वापरला गेला आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ‘रक्तपित्त’ हा शब्द वाचून रुग्णाच्या वृद्ध आईने डोळ्यांस पदर लावल्याचे आम्ही पाहिले आहे. कचेरीतील लेखनिकाने किंवा मुलीच्या सासरच्या मंडळींनी तो शब्द वाचला तर काय अर्थ काढतील, याची कल्पना करावी. घाईच्या हस्ताक्षरात ‘त्त’ आणि ‘ती’ यांत फारसे अंतर राहत नाही. अशा वेळी शब्दाशेजारी लिहिलेला संकेतांक अर्थ निःसंदिग्ध करतो. दहाव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नासारक्तस्रावाचा अंक आर०४.० आहे आणि कुष्ठरोगाचा ए३०. या दोहोंची गल्लत होणे शक्य नाही.

निदानपंचक हीच नोंदीची चौकट

रुग्णपत्रिका कशी भरावी यासाठी परक्या नमुन्यांकडे धावण्याची गरज नाही. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाच शीर्षकांखाली नासागत रक्तस्रावाची संपूर्ण माहिती सामावते. फक्त प्रत्येक शीर्षकाखाली आज आवश्यक असलेले प्रश्न घालावे लागतात.

हेतू : आहारविहारातील पित्तप्रकोपक कारणे, उन्हात हिंडणे, मद्यपान, धूम्रपान. आघात झाला का? नाकात बोट, पेन्सिल वा अन्य वस्तू घालण्याची सवय? नाकातील फवारे? चालू असलेली सर्व औषधे, विशेषतः ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन आणि अलीकडची रक्त गोठू न देणारी औषधे. रुग्ण ही नावे सांगत नाही, ‘हृदयाची बारीक गोळी’ म्हणतो. गोळ्यांचे पाकीटच मागवून पाहावे. रुग्ण अन्यत्र घेत असलेली आयुर्वेदीय वा घरगुती औषधेही लिहावीत. लसणीसारखे नित्याचे द्रव्यही औषधी मात्रेत रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करू शकते. यकृताचे विकार, कुटुंबात रक्तस्रावाची प्रवृत्ती आणि स्त्रीरुग्णात गर्भावस्था यांची विचारणा येथेच करावी.

पूर्वरूप : ग्रंथोक्त पूर्वरूपे, जसे अन्नावर वासना नसणे, भुक्तान्नाचा विदाह, आंबट ढेकर, छर्दी, यांची उपस्थिती वा अभाव दोन्ही लिहावे. यापूर्वी असा स्राव झाला होता का, किती वेळा, त्या वेळी कोणते उपचार झाले, हेही येथे येते.

रूप : कोणती बाजू, हे प्रथम लिहावे. स्राव सुरू झाल्याची वेळ, आपल्याकडे येण्याची वेळ आणि थांबल्याची वेळ या तीन वेळा घड्याळ पाहून लिहाव्यात. प्रमाण ‘पुष्कळ’ किंवा ‘थोडे’ असे न लिहिता ‘दोन हातरुमाल भिजले’, ‘पाव वाटी’ असे लिहावे. रक्त पुढून ठिबकते की घशात उतरते? घसा पाहिल्याशिवाय हे समजत नाही. बहुतांश रुग्णांत रक्त नासापटलाच्या पुढील भागातील सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यातून येते आणि ते दाबाने थांबते. मागील भागातील स्राव तुलनेने विरळ, पण अधिक गंभीर असतो. नाडीची गती, रक्तदाब, त्वचेचा वर्ण, घाम, ज्वर, हिरड्यांतून रक्त, त्वचेवर लाल ठिपके, काळे मलप्रवर्तन यांपैकी काय आहे आणि काय नाही, हे लिहावे. ‘नाही’ हा शब्द लिहिणे अत्यावश्यक आहे. रिकामा रकाना ‘तपासले नाही’ असेच सांगतो.

उपशय : शीतोपचाराने, दाबाने, विश्रांतीने काय फरक पडला?

संप्राप्ती : दोष, दूष्य, मार्ग, रुग्णाचे बल आणि साध्यासाध्यता. ऊर्ध्वग साध्य, अधोग याप्य, उभयग असाध्य हा क्रम आपण जाणतोच. त्याचा व्यावहारिक उपयोग असा की, नाकातील रक्ताबरोबर मूत्र वा मलावाटेही रक्त जात असल्यास त्या रुग्णास तत्काळ उच्च केंद्रात पाठविण्याचा निर्णय आपल्या शास्त्रानेही समर्थित होतो.

या सर्वांपूर्वी रुग्णाचे स्वतःचे शब्द अवतरणचिन्हांत लिहावेत. ‘घोळणा फुटला’ हे त्याचे म्हणणे, ‘नासागत रक्तस्राव’ ही आपली संज्ञा. दोहोंना पत्रिकेत स्वतंत्र जागा असावी.

काय केले, केव्हा केले

रक्त थांबविण्याचे चार उपाय सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. नाकाच्या संदर्भात आपण काय केले हे या चौकटीतही लिहिता येते. त्यास कृतीचे स्पष्ट वर्णन जोडले की अन्य शास्त्राच्या चिकित्सकासही ते समजते. ‘स्कंदन केले’ एवढेच लिहिले तर आपल्याखेरीज कोणास बोध होणार नाही. ‘रुग्णास बसवून, मान किंचित पुढे झुकवून, नाकाचा मऊ भाग १५ मिनिटे अखंड दाबून धरला, नाकाच्या मुळाशी शीत पट्टी ठेवली’ असे लिहावे.

येथे घरगुती प्रथेविषयी दोन शब्द. मान मागे टाकून डोक्यावर पाणी ओतण्याची चाल आजही खेडोपाडी दिसते. मान मागे केल्याने रक्त घशात उतरते, गिळले जाते वा श्वासमार्गात जाण्याचा धोका राहतो आणि बाहेर रक्त न दिसल्याने ते थांबले असा भ्रम होतो. रुग्ण येण्यापूर्वी असे काही केले असल्यास तेही नोंदवावे, कारण नंतर होणाऱ्या रक्तमिश्रित वांतीचा उलगडा त्यातून होतो.

नस्याच्या नोंदीबाबत विशेष काटेकोरपणा हवा. दूषित रक्त निघून गेल्यावरच अवपीड नस्य द्यावे, अन्यथा दुष्ट प्रतिश्याय व शिरोविकार संभवतात, असा चरकाचार्यांचा इशारा आहे. तेव्हा द्रव्य, मात्रा, कोणत्या नाकपुडीत आणि रक्त थांबल्यानंतर किती वेळाने, या चारही गोष्टी लिहिल्या नाहीत तर शास्त्राची आज्ञा पाळली की नाही हे आपणासही सांगता येणार नाही. स्वरस ताजा काढला की तयार आणला, हेही लिहावे.

बलवान रुग्णात आरंभीच स्तंभन करू नये, या वचनाचा विपर्यास होताना आम्ही पाहिला आहे. त्याच ग्रंथात क्षीण, वृद्ध, बालक यांच्याबाबत निराळा विचार आहे आणि अतिप्रवृत्तीत रक्तरक्षण हेच प्रधान कर्म मानले आहे. वाहत्या नाकावर दाब देणे लांबविण्यास या वचनाचा आधार घेता येणार नाही. आभ्यंतर स्तंभक औषध मुद्दाम विलंबाने दिले असेल, तर त्याचे कारण आणि त्या वेळचे रुग्णबल पत्रिकेत लिहिलेले असावे.

पुढील स्थितींत रुग्ण पुढे पाठवावा आणि पाठविल्याची वेळ लिहावी : योग्य प्रकारे दोनदा दाबूनही रक्त न थांबणे, रक्त घशात उतरत राहणे, नाडी जलद व रक्तदाब कमी होणे, रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, डोक्यास मार, अंगावर अन्यत्र रक्तस्राव, ज्वरासह रक्तस्राव, अगदी लहान बालक, गर्भिणीमध्ये वाढलेला रक्तदाब, आणि एकाच बाजूने वारंवार रक्त येऊन ती नाकपुडी बंद राहणे. शेवटच्या लक्षणात, विशेषतः किशोरवयीन मुलात, नाकाच्या मागील भागातील अर्बुदाची शंका घ्यावी लागते. संदर्भपत्राची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

संकेतांक म्हणजे काय

रोगांना क्रमाने मांडून नावे निश्चित करण्याचे कार्य आपणास नवीन नाही. माधवकराच्या रोगविनिश्चयात, ज्यास आपण माधवनिदान म्हणतो, ज्वरापासून आरंभ करून रोग क्रमवार मांडले आहेत आणि त्यात रक्तपित्त नवव्या अध्यायात येते. युरोपात फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने तिचे दायित्व घेतले आणि मृत्यूच्या कारणांसोबत रुग्णतेचाही समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. भारतातील अनेक रुग्णालये व विमा कंपन्यांच्या कागदांवर आजही दहाव्या आवृत्तीचेच अंक दिसतात. म्हणून येथे तेच प्रामुख्याने दिले आहेत.

दहाव्या आवृत्तीत एक रोमन अक्षर आणि त्यापुढे अंक असतात. आपण येथे वाचनाच्या सोयीसाठी अक्षर देवनागरीत लिहीत आहोत. प्रत्यक्ष कागदावर ते रोमन लिपीतच लिहावे. नासारक्तस्रावाचा अंक आर०४.०. घशातून येणाऱ्या रक्ताचा आर०४.१ आणि खोकल्यातून पडणाऱ्या रक्ताचा आर०४.२. रक्ताच्या वांतीचा अंक निराळ्या प्रकरणात, के९२.० असा आहे. अकराव्या आवृत्तीत नासारक्तस्राव एमडी२० या अंकाखाली येतो.

‘आर’ या अक्षराचे प्रकरण लक्षणांचे आहे, हे ध्यानात ठेवावे. लक्षण आणि व्याधी यांतील जो भेद आपण आरंभी पाहिला, तोच येथे अंकांच्या रूपाने उभा राहतो. नियम थोडक्यात असा :

१) सर्व परीक्षणानंतरही कारण सापडले नाही, तर आर०४.० हाच मुख्य अंक.

२) कारण निश्चित झाले व त्यावर उपचार झाले, तर कारणाचा अंक मुख्य म्हणून लिहावा. नासास्थिभंग एस०२.२, नाकातील बाह्य वस्तू टी१७.१, नासापटल वाकडे असणे जे३४.२, रक्तबिंबिकांची अनिर्दिष्ट न्यूनता डी६९.६, हिमोफिलियाचा नेहमीचा प्रकार डी६६, कुलज वाहिनीविकार ज्यात वारंवार नाकातून रक्त येते तो आय७८.०.

३) संशयावर अंक लिहू नये. ‘डेंग्यू असावा’ असे वाटत असेल तर तपासणीचा निष्कर्ष येईपर्यंत ज्वर व रक्तस्राव ही लक्षणेच नोंदवावीत. डेंग्यू सिद्ध झाल्यावर नाक वा हिरड्यांतून रक्त येणे हे धोक्याचे लक्षण ठरते आणि धोक्याच्या लक्षणांसह डेंग्यूचा अंक ए९७.१ असा आहे. अशा रुग्णास वेदनाशमनार्थ ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन देऊ नये, अशी सूचनाही पत्रिकेत लिहून द्यावी.

४) रक्तदाब वाढलेला आढळला म्हणून तोच हेतू, असे गृहीत धरू नये. रक्त पाहून घाबरलेल्या रुग्णाचा रक्तदाब त्या क्षणी वाढतोच. शांत झाल्यावर तो पुन्हा मोजावा. पूर्वीपासून निदान झालेला उच्च रक्तदाब असेल तर आय१० हा अंक स्वतंत्रपणे जोडावा.

५) रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने स्राव झाल्याचे ठरल्यास डी६८.३ आणि त्यासोबत औषधाचा दुष्परिणाम दर्शविणारा वाय४४.२. असे औषध दीर्घकाळ चालू आहे एवढेच सांगावयाचे असेल तर झेड९२.१.

अमेरिकेत या विषयाचा विस्तार फार मोठा आहे, कारण तेथे देयकाची रक्कम अंकांवर ठरते. रोगाच्या अंकाबरोबर कृतीचाही अंक लागतो. पुढील भागातील साध्या उपायाने रक्त थांबविल्यास ३०९०१, विस्तृत उपाय करावा लागल्यास ३०९०३, मागील भागासाठी प्रथम वेळी ३०९०५ आणि पुन्हा करावे लागल्यास ३०९०६. नुसते नाक दाबून रक्त थांबले तर कृतीचा स्वतंत्र अंक मिळत नाही. हे नियम आपणास लागू नाहीत. परंतु त्यामागील शिस्त अनुकरणीय आहे : बाजू, भाग आणि कृती लिहिलेली नसेल तर अंक देता येत नाही, आणि जे लिहिले नाही ते केले नाही असे धरले जाते.

आपले स्वतःचे अंक

आयुर्वेदीय व्याधिनामांसाठी केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या तिन्ही शास्त्रांच्या व्याधिसंज्ञा व त्यांचे अंक उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आयुर्वेदाच्या प्रमाणित संज्ञांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे अकराव्या वर्गीकरणाच्या सव्विसाव्या प्रकरणातील दुसऱ्या विभागाचे, म्हणजे आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्याधींच्या विभागाचे उद्घाटन झाले.

या प्रकरणाची एक मर्यादा समजून घ्यावी. त्यातील अंक रुग्णतेच्या नोंदीसाठी आहेत, मृत्यूचे कारण लिहिण्यासाठी नाहीत. ते अन्य प्रकरणांतील अंकासोबत जोडीने लिहिता येतात. दोन्ही अंक शेजारी असले की ऊर्ध्वग रक्तपित्त म्हणून निदान झालेल्या रुग्णांत आधुनिक दृष्टीने कोणकोणती कारणे आढळली, हे पुढे कोणासही मोजता येईल. आज तसे मोजता येत नाही, कारण आपल्या हजारो पत्रिका ‘रक्तपित्त, औषध दिले’ एवढ्यावर थांबतात. आयुर्वेदाकडे पुरावा नाही, असा आक्षेप घेणाऱ्यांवर आपण रुष्ट होतो. तो पुरावा आपल्याच कपाटात अपूर्ण वाक्यांत पडून आहे.

अंक स्मरणाने लिहू नये. अधिकृत यादी उघडून, व्याधिनाम पडताळून मगच उतरवावा. चुकीचा अंक रिकाम्या जागेपेक्षा अधिक घातक ठरतो.

एक नमुना

आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांची पत्रिका आम्ही कशी लिहावयास हवी होती, ते येथे देतो.

‘पुरुष, वय ६४. सकाळी १०.३५ वा. आगमन. रुग्णाचे शब्द : “दहा वाजल्यापासून घोळणा फुटलाय, थांबत नाही.” डावी नाकपुडी, पुढून ठिबकणारा स्राव. घशात रक्त नाही. दोन हातरुमाल भिजले. आघात नाही, ज्वर नाही. हिरड्या, त्वचा, मूत्र, मल यांत रक्तस्राव नाही. पूर्वी असा स्राव नाही. हृदयाची कृत्रिम झडप. वॉर्फरिन अनेक वर्षे चालू, पाकीट पाहिले. रक्त गोठण्याची तपासणी अलीकडे केलेली नाही. गेले आठ दिवस तिखट व लोणचे यांचे सेवन अधिक, उन्हात प्रवास. नाडी व रक्तदाब : आगमनसमयी आणि ११.१५ वा. पुन्हा मोजून लिहिले. बसवून, मान पुढे झुकवून १०.४० ते १०.५५ अखंड दाब. रक्त थांबले. ११.१५ पर्यंत पुन्हा स्राव नाही. वॉर्फरिन चालू असल्याने नस्य दिले नाही, आभ्यंतर औषध दिले नाही. गोळी स्वतःहून बंद करू नये, तथापि आजच हृदयतज्ज्ञांना भेटून तपासणी करावी, असे रुग्णास व पुत्रास सांगितले. संदर्भपत्र दिले, ११.३० वा. लक्षण : नासागत रक्तस्राव, आर०४.०. दीर्घकाळ रक्त गोठू न देणारे औषध, झेड९२.१. संभाव्य हेतू : औषधज; सहायक हेतू पित्तप्रकोपक आहारविहार. ऊर्ध्वग रक्तपित्त : निश्चित नाही.’

हे लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत गोळीचे पाकीट पाहिले गेले असते आणि रुग्ण त्याच दिवशी योग्य ठिकाणी पोहोचला असता.

कायदा आणि विमा

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. २०१९ च्या नव्या कायद्यात तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांसाठी २००२ च्या आचारसंहितेत आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत प्रत देणे सांगितले आहे. आपणही किमान हा दंडक स्वीकारावा आणि बाह्यरुग्णांनाही लावावा, असे आम्ही सुचवितो. आयुष उपचारांस अन्य उपचारांच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यावे, अशी सूचना विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये केली. बरोबरीचा हक्क मिळाला की बरोबरीच्या कागदपत्रांची अपेक्षाही ओघाने येते.

लेखनातील काही साधी पथ्ये : चूक झाल्यास एक आडवी रेघ मारून शेजारी योग्य शब्द, तारीख व सही करावी, खोडरबर वा पांढरी शाई वापरू नये. मागाहून आठवलेली गोष्ट ‘पश्चात नोंद’ म्हणून त्या दिवसाच्या तारखेने लिहावी. रुग्णाने पुढे जाण्यास नकार दिल्यास तो नकार त्याच्या सहीने घ्यावा. अंक मिळतो म्हणून न केलेली कृती कधीही लिहू नये.

आजही ते गृहस्थ अधूनमधून आमच्याकडे येतात. आले की खिशातील गोळ्यांचे पाकीट स्वतःच मेजावर ठेवतात आणि हसून म्हणतात, ‘वैद्यराज, आधी हे लिहून घ्या.’ आम्ही तारीख घालून लिहून घेतो.